मार्च संपला की लिहिणं बंद पडतं, ताई, महिनाभर पहाडात जाऊ का?

या आठवड्याचं पत्र (थोडं छोटं केलंय, नाव अर्थातच देत नाहीये) :

"ताई नमस्कार, मला अगं-तुगंच करा, बरं वाटेल. मी ३६ वर्षांची, माहेर नागपूर आणि सासरही नागपूर, दहा ते सहा नोकरी, सात वर्षांची एक मुलगी. गेली आठ-नऊ वर्षं कथा लिहिते, पाच-सहा छापून आल्यात. माझा प्रॉब्लेम असा की मला फक्त पावसाळ्यात आणि थंडीत सुचतं, मार्च संपला की डोकं बंद, एप्रिल मे आणि अर्धा जून पूर्ण कोरडे जातात. यावर्षी एका दिवाळी अंकाने ३१ जुलैपर्यंत कथा मागितली, खूप आनंद झाला होता, पण आता रोज लॅपटॉप उघडते आणि बंद करते. कूलरसमोर बसूनही डोकं चालत नाही, रात्री वरच्या खोल्या एवढ्या तापतात की आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, सासूबाई मुलीला ओल्या दुपट्ट्याने वारा घालत बसतात, त्यामुळे रात्रीही लिहिणं होत नाही. दोन वर्षांपूर्वी कोकणात गेलो होतो, वाटलं समुद्र बघून खूप सुचेल, सहा दिवसांत एक ओळ नाही. आता मैत्रीण म्हणते हिमाचलमध्ये महिनाभर होमस्टे घे आणि थंड हवेत लिहून काढ. बिनपगारी रजा मिळेल, साठवलेले पैसे जातील, नवरा म्हणतो जा. मला काही कळून नाही राहिलं. खरं सांगा, नागपूरच्या उन्हात राहून कोणी चांगलं लिहू शकतं का?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि एका ओळीखाली रेघ मारली, कोणती ते शेवटी सांगते. आधी सरळ उत्तर, म्हणजे जीव टांगणीला लावून वाचायला नको. हिमाचलला महिनाभर जाऊ नकोस, यावर्षी तरी नकोच. फिरायला म्हणून आठ दिवस सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर खुशाल जा, मुलीला बर्फ दाखव. पण साठवलेले पैसे मोडून, बिनपगारी रजा टाकून, ३१ जुलैची कथा लिहायला म्हणून जाशील तर तू रिकाम्या हाताने परत येशील अशी मला मनापासून भीती वाटते, आणि मग ते रिकामं येणं कोकणापेक्षा जास्त लागेल कारण यावेळी त्यावर पैसे आणि रजा दोन्ही लावलेलं असेल.

आता का ते सांगते, जरा लांबण लागेल.

तू लिहिलंस की अडीच महिने कोरडे जातात. हा शब्द वाचून मला मामांची बाग आठवली. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती आणि मे महिन्याच्या सुट्ट्या आमच्या तिथेच जायच्या. संत्र्याला मुख्य बहार दोन, आंबिया आणि मृग. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं, मृगाची फुलं जून-जुलैत आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मामा मृग धरायचे. आणि मृग बहार धरायचा म्हणजे ऐन मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री तापत असताना, बागेचं पाणी बंद करायचं. याला ताण देणं म्हणतात, नागपूरच्या आसपास ज्याची ज्याची बाग आहे त्याला हा शब्द पाठ आहे, बाग ताणावर सोडली असं म्हणतात.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. झाडांची पानं दुपारी मलूल व्हायची, कडेने आत वळायची, हिरवा रंग उतरून पिवळट दिसायला लागायचा, काही पानं गळायची. मला ते बघवेना. विहिरीत पाणी आहे आणि मामा देत नाहीयेत हे काही डोक्यात बसेना. म्हणून मी कुंपणाजवळचं एक झाड धरलं आणि रोज संध्याकाळी कोणी नसताना त्याच्या आळ्यात दोन-तीन बादल्या ओतायला लागले, आठ-दहा दिवस. ते झाड छान टवटवीत झालं, मला कोण आनंद. मग मृग लागला, पाऊस झाला, मामांनी ताण तोडला आणि सगळी बाग फुलांनी पांढरी झाली, तो वास असा की दुपारी झोप लागू नये. आणि माझं झाड? त्याला कोवळी हिरवीगार पालवी फुटली होती, भरपूर पालवी, आणि फुलं शोधून काढावी लागत होती. मामा रागावले नाहीत. त्यांच्या लक्षात कधीच आलं होतं. त्यांनी फक्त मला त्या झाडापाशी नेलं आणि म्हणाले, बघ, पाणी मिळत राहिलं की झाड वाढतच राहतं, त्याला फुलायचं सुचत नाही.

यामागचं शास्त्र नंतर कळलं, पाणी तुटलं की झाडाची वाढ थांबते, पालवीवर जाणारं अन्न फांद्यांमध्ये साठून राहतं आणि त्याच्या जोरावर फुलाचे डोळे तयार होतात. बाहेरून झाड बंद पडल्यासारखं दिसतं आणि आत नेमकं तेव्हाच काम चालू असतं. शिवाय सगळ्यांना सारखा ताण चालत नाही हं, भारी काळ्या जमिनीत तो जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या जमिनीत थोडक्यात भागतं, आणि अंदाज चुकून फार लांबला तर पानगळ होऊन फांद्या वाळायला लागतात.

तर माझं म्हणणं असं की तुझे एप्रिल ते जून कोरडे जात नाहीयेत, तू ताणावर आहेस. आणि ही मी तुझी समजूत काढत नाहीये, कारण याचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे. तुला पावसाळ्यात सुचतं म्हणतेस. पावसाळ्यात जे सुचतं ते कुठून येतं? दोन दिवसांच्या पावसातून येतं का? एक काम कर, छापून आलेल्या पाच-सहा कथा काढ आणि प्रत्येकीत कोणता ऋतू आहे ते बघ, म्हणजे कधी लिहिली ते सोडून दे, कथेत हवा कोणती आहे ते बघ. मी माझ्या स्वतःच्या लिखाणाचं असं एकदा बघितलं होतं आणि चकितच झाले. पावसाळ्यात लिहिलेल्या बहुतेक गोष्टींत ऊन होतं. डिसेंबरात, रजईत पाय घालून लिहिलेल्या दोन गोष्टींत पाऊस होता. मे महिन्यात खरडलेल्या कवितेत धुकं होतं. माझ्यापुरतं तरी मला कळलं की लिहिणं एक ऋतू मागून चालतं. जो ऋतू अंगावर असतो तो लिहिता येत नाही, तो सोसण्यातच सगळा जीव जातो, तो गेला की मग मोकळेपणाने त्याच्याकडे वळून बघता येतं.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांना तर हे उलटं कॅलेंडर पूर्वीपासून अंगवळणी पडलेलं आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीये, अंक दिवाळीत येतो पण संपादकाचा फोन येतो उन्हाळ्यात आणि मजकूर द्यायचा भर पावसाळ्यात. फराळाच्या ताटाशेजारी जी कथा लोक वाचतात ती कोणीतरी घामाच्या धारा पुसत सुरू केलेली असते, आणि आपल्याकडे विदर्भात तर नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, चालू असताना. तू पहिली नाहीस आणि एकटीही नाहीस.

आता उन्हाबद्दल. मी उगाच असं म्हणणार नाही की मन खंबीर असेल तर ऊन लागत नाही. लागतं. नागपूरचा मे म्हणजे मे. दुपारी एक ते पाच रस्ते ओस, काही चौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात तेव्हा कुठे माणूस दोन मिनिटं उभा राहू शकतो, आणि रात्रीसुद्धा भिंती गरम वाफ टाकत राहतात. झोप लागायला शरीर जरासं थंड व्हावं लागतं, तेच होत नाही, मग तुकड्या-तुकड्यांची झोप आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड. अशा डोक्याने तू दुपारी लॅपटॉप उघडतेस आणि वाक्य येत नाही म्हणून स्वतःला दोष देतेस, हे मला फार वाईट वाटलं. तो तुझ्या प्रतिभेचा दोष नाही गं, तो झोपेचा हिशोब आहे. म्हणून पहिली गोष्ट, दुपारी लिहायला बसणं बंद. संध्याकाळीही नको. पहाटे पाच ते साडेसहा, गच्चीवर गार वारा सुटतो ना, तेव्हाच, आणि तेही फक्त अर्धा-पाऊण तास. आणि लॅपटॉप नको, वही घे. या दिवसांत कथा लिहायचीच नाही, फक्त टिपायचं.

काय टिपायचं ते नीट सांगते कारण "निरीक्षण करा" हे सगळेच सांगतात आणि त्याने काहीच होत नाही. हवेबद्दल लिहू नकोस, हवेने माणसं काय करतात ते लिही. ऊन फार आहे हे वाक्य लिहिलंस तर ते खोडून टाक. त्याऐवजी गाडीच्या सीटवर बसण्याआधी लोक हाताने दोनदा थोपटून बघतात ते लिही. बाहेर जाताना आजी खिशात कांदा घालते आणि तो कांदा संध्याकाळी कसा दिसतो ते लिही. नळाचं पाणी सकाळी नऊलाच किती गरम येतं, पहिली बादली कोण ओतून देतं आणि कुठल्या झाडाला ते. कूलर मार्चमध्ये पहिल्यांदा चालू केला तेव्हा नवीन खसचा वास आला असेल, आठ-दहा दिवसांत तो वास मरतो आणि मग ओल्या लाकडासारखा वास येतो, आणि जुलैत उमस वाढली की तोच कूलर निकामी होतो कारण हवाच ओली, पाणी उडणार कुठे. हे सगळं तुला माहितीये, एवढं माहितीये की ते लिहिण्यासारखं आहे हेच तुला वाटत नाही. माझ्या मते तुझी खरी अडचण हीच आहे. आपण वाचून वाचून असं धरून बसलो की साहित्यातला ऋतू म्हणजे पाऊस, आणि पाऊसही कोकणातला, कौलांवरून पडणारा. आमच्या स्लॅबवर, तापलेल्या गच्चीवर पडणारा पहिला पाऊस वेगळा असतो, त्याचा पहिल्या मिनिटाचा आवाज वेगळा असतो, वाफ उठते, आणि तो कोणी आपल्याला आधी लिहून दाखवलेला नसतो म्हणून तो आपल्याला कमी वाटतो.

कोकणात एक ओळ आली नाही म्हणतेस. येणारच नव्हती. सहा दिवसांत समुद्र फक्त दिसतो. मी बऱ्याच वर्षांपूर्वी अगदी हेच केलंय, तुझ्या मैत्रिणीने सुचवलेलंच, मे महिन्यात पहाडात बारा दिवस एकटी. खोलीच्या खिडकीतून देवदार, समोर बर्फाचं शिखर, टेबल, खुर्ची, शांतता, सगळं होतं. पहिले सहा-सात दिवस काहीच नाही, रडकुंडीला आले. आठव्या दिवशी सकाळी खालच्या अंगणात एक बाई बादलीतून हाताने पाणी शिंपडत होती, त्याचा आवाज आला, आणि मला नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरासमोर आई संध्याकाळी सडा मारायची ते आठवलं, तापलेल्या मातीवर पहिला हात पडला की येणारा तो फस्स आवाज आणि आईचा पदर कंबरेला खोचलेला. बसले आणि एका बैठकीत ते लिहिलं. म्हणजे एवढ्या लांब जाऊन लिहिलं काय, तर महाल. आणि तो देवदार कधी लिहिला माहितीये? पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, नागपुरात, लाइट गेलेली असताना.

प्रवास वाईट असं मी म्हणत नाहीये, उलट प्रवास हवाच. पण प्रवासाकडून लगेच काही मागू नये. तो आत्ता घराकडे बघायचं अंतर देतो आणि स्वतःबद्दलचं काय ते पुढे केव्हातरी, त्याच्या मनाप्रमाणे देतो. आपल्याला वाटतं आपण लिहायला चाललोय, खरं तर आपण बी भरायला चाललेलो असतो.

इथे रामटेकचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं परंपरेने मानतात, नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तर त्यासाठी अभ्यासपूर्ण पुरावे मांडले. तो यक्ष एक वर्षाची शिक्षा भोगत तिथे अडकलेला आहे. आषाढात ढग दिसतो तेव्हा त्याचे चार महिने उरलेत, म्हणजे आठ महिने गेलेले आहेत. ते आठ महिने तो काय करत होता याबद्दल फारसं काही नाही, नुसता झुरत होता, हातातलं सोन्याचं कडं गळून पडेपर्यंत वाळला होता. आणि मग ढगाशी बोलायला लागला तो थेट बायकोच्या गावापर्यंतचा, अलकेपर्यंतचा सगळा रस्ता बोलला, नर्मदा, विदिशा, उज्जैन, चंबळ, कुरुक्षेत्र, हिमालय, कुठे थांब, कुठे पाणी पी, कोणत्या गावात कोणत्या वेळी पोच. जागचा हललाही नाही. प्रवास करायचा तो ढगाने. आणि मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे तो ढगाला सांगतो की तुला जायचंय उत्तरेला, उज्जैन वाटेत नाही, वाकडी वाट पडेल, तरी जा, चुकवू नको. मला तर प्रवासाबद्दल याहून चांगला सल्ला माहीत नाही. तू हिमाचलची सरळ वाट बघून राहिलीस, मी तुला वाकडी वाट सांगते.

आपली नॅरोगेज आठवते का गं? इतवारीहून नागभीडला जायची, २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली ब्रॉडगेजच्या कामासाठी. उमरेड, भिवापूर करत जायची, इतकी हळू की शेतातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसायचा. मी त्या गाडीने एकाच वर्षात दोनदा गेले, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, कामासाठीच, लिहायला म्हणून नाही. फेब्रुवारीत भिवापूरकडे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरच्या वाळवायच्या जागा, लागले होते, जमिनीवर लालच लाल, आणि बायका तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसलेल्या, गाडीच्या डब्यापर्यंत ठसका यायचा. ऑगस्टमध्ये त्याच वाटेने नागभीडकडे बांध्यांमध्ये धानाची रोवणी, पुन्हा बायकाच, ओळीने वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिक. एकदाच गेले असते तर दोन्हीपैकी एक चित्र मिळालं असतं, छान चित्र, बस. दोनदा गेले म्हणून मला प्रश्न मिळाला, की यातल्या काही बायका दोन्हीकडे असतील का, फेब्रुवारीत तिथे आणि ऑगस्टमध्ये इथे, आणि मधल्या महिन्यांत कुठे असतील. कथा त्या प्रश्नातून निघाली. समृद्धीवरून आता माणूस भर्रकन जातो, चांगलंच आहे, वेळ वाचतो, पण ठसका येत नाही.

म्हणून माझं सांगणं, लांब एकदा जाण्यापेक्षा जवळ दोनदा जा. हा रविवार सोडू नको, मुलीला घे, सकाळची पहिली एसटी पकड आणि रामटेकला जा, पन्नासेक किलोमीटर तर आहे, नवाच्या आत गडावर पोच कारण नंतर पायऱ्या चटके देतात. आत्ता तिथे सगळं करपलेलं दिसेल, डोंगर उघडे, तलाव आटलेले. बघ आणि परत ये. मग आषाढात पुन्हा जा, त्याच पायऱ्यांवर त्याच ठिकाणी बस. आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये पेंचच्या बाजूच्या गावांत जा, पहाटे, अजून अंधार असताना, तेव्हा मोहाची फुलं पडत असतात आणि लोक टोपल्या घेऊन वेचायला आलेले असतात, आजूबाजूला पानं झडलेला पळस लालभडक. पळसाचंही तसंच आहे ना, पानं गेल्याशिवाय तो फुलत नाही.

जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचं उदाहरण तुला ठाऊक असेलच, २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात ३६ वर्षं नोकरी केली त्यांनी, नवेगावसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं राहिले. हवा बदलायला म्हणून कोणी आठ दिवस जंगलात जातो आणि कोणी जंगलातच नोकरी करतो, त्यांच्या पुस्तकांच्या पानापानांत हा फरक कळतो. तुझी नोकरीची जागा जंगल नाही पण तुझं जंगल तुझ्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र काळजीने विचारते. मी मघाशी म्हटलं ना, ताण फार लांबला तर फांद्या वाळतात. तुला नुसतं लिहायला सुचत नाहीये की कशातच मन लागत नाहीये? मुलीशी बोलताना, जेवताना, कामावर, सगळीकडे जर असंच कोरडं वाटत असेल, आणि ऊन उतरल्यावरही तसंच राहिलं, तर मग वही-बिही बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं.

आता ३१ जुलैचं गणित. आत्ता मेचा शेवट आहे. मृग लागेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, फक्त वही, रोज अर्धं पान, कथा म्हणून एक वाक्य नाही. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, कधी आठवडाभर रडवतो, रडवू दे. दोन-तीन चांगले पाऊस झाले, खोल्या गार झाल्या, एक रात्र पूर्ण झोप झाली की ती वही काढ आणि तेव्हा लॅपटॉप उघड. जूनचे शेवटचे दिवस आणि सगळा जुलै तुझा आहे, आणि पावसाळ्यात तुला सुचतं हे तूच सांगून राहिलीस. फक्त यावेळी पाऊस लिहू नकोस. पावसात बसून मे लिही. संपादकांना आत्ताच एक ओळीचा मेसेज टाकून दे की कथा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मिळेल, त्यांना तेवढं पुरतं आणि तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

तुझा शेवटचा प्रश्न, नागपूरच्या उन्हात राहून कोणी चांगलं लिहू शकतं का. ज्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली ती ओळ तूच लिहिलीयेस, याच उन्हात, आणि तक्रारीच्या मध्ये घाईघाईने लिहून पुढे गेलीस. "सासूबाई मुलीला ओल्या दुपट्ट्याने वारा घालत बसतात, त्यामुळे रात्रीही लिहिणं होत नाही." अगं बाई, त्यामुळे काय! तुझी कथा तिथे गच्चीवर बसलीये.

आज रात्री झोपायला वर जाशील तेव्हा फोन खाली ठेवून जा आणि पडल्या पडल्या फक्त बघ. दुपट्टा कितीदा ओला करतात, बादली जवळ ठेवतात की उठून जातात. एक हात दुखला की दुसऱ्या हातात घेतात का. थेंब मुलीच्या तोंडावर पडतात तेव्हा ती काय म्हणते. ती झोपल्यावर थांबतात की तरीही घालत राहतात, आणि तेव्हा कुठे बघत असतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा उन्हाळ्यात कुठे झोपायच्या, सगळ्यांसोबत वर की खाली बंद खोलीत, हे कधी विचारलंयस का? विचार. आणि त्यांना स्वतःला कोणी वारा घालतं का, तेही बघ. पाऊस आला की गाद्या खाली येतील, त्याच्या आत.